रविवारच्या सुप्याच्या सहलीबद्दल आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी मयूरेश्वर अभयारण्यात (सुपे, ता. बारामती) चित्रं काढायला जायचं आहे. पहाटे ५.३० ला हडपसर गाडीतळावर जमायचं. ५.४५ ला गाड्या निघतील, वाट पाहिली जाणार नाही. ऊन वर आलं की चिंकारा (तिथली छोटी हरणं) सावली धरतात. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जाऊन उजवीकडे वळायचं.

अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, आणि गवताळ माळ असल्याने लांबवर दिसतं. चिंकारा फार वेळ एका जागी थांबत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने पाठ, मान आणि सतत हलणारी शेपूट एवढंच टिपा. माळासाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पुरे. हिरव्याची ट्यूब घरीच ठेवलीत तरी चालेल, हे माझं मत. जलरंग तिथे फार लवकर सुकतात, पाणी जास्त आणा. भडक कपडे, अत्तर आणि मोबाइलवर गाणी नकोत. गाडीतून उतरायचं ते वनखात्याचे कर्मचारी परवानगी देतील तिथेच.

"आम्ही कुठे जे. जे. मध्ये (मुंबईच्या कला महाविद्यालयात) शिकलोय" म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी: फ्रेंच चित्रकार आंरी रूसो पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होता, चित्रकला स्वतःच शिकला. फ्रान्सबाहेर पाऊल न टाकता त्याने जंगलं रंगवली, झाडं पाहिली ती पॅरिसच्या वनस्पती उद्यानात. आपल्याला तर खरा माळ दोन तासांवर आहे.

डबा आपापला. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नावं कळवा, गाडीत जागा असेल तर तेही लिहा.