बाबा, गुरुवारच्या भजनाला जा

हडर्सफील्ड, इंग्लंड,
जुलै

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर म्हणाली, की यंदा आषाढीच्या भजनालाही बाबा गेले नाहीत, टाळ पिशवीतच राहिले. बाबा, तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "दम पुरत नाही आता. मधेच श्वास तुटतो, चाल पडते. त्यापेक्षा घरी बसून ऐकलेलं बरं." हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले. मला जे सांगायचंय ते इथल्या आमच्या क्वायरचं, म्हणजे एकत्र गाणाऱ्या मंडळाचं, वर्ष कसं जातं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, बाबांचा चष्मा नेहमीसारखा सापडणार नाही.

आमची तालीम मंगळवारी साडेसात ते साडेनऊ, चर्चमागच्या हॉलमध्ये. मधे चहा, तो करायची पाळी सगळ्यांना येते. आम्ही साधारण साठ जण आहोत आणि त्यातले निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. हडर्सफील्डचं जे मोठं प्रसिद्ध मंडळ आहे ते १८३६ सालचं, तिथं आवाजाची चाचणी देऊन प्रवेश मिळतो. आमच्या गावच्या क्वायरला चाचणी नाही. वर्गणी भरायची, पेन्सिल आणायची आणि ज्या आवाजात बसाल त्या रांगेत बसायचं.

हा सगळा भाग लोकरीच्या गिरण्यांचा. गिरणीत काम करणारे बायाबापे संध्याकाळी चॅपलमध्ये जमून गायचे. त्यांना पाश्चात्त्य नोटेशन कुठून येणार? पण एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन नावाच्या एका पाद्र्यानं नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या बाईंची अक्षरांत स्वर लिहायची पद्धत घेऊन 'टॉनिक सोल्फा' घरोघरी पोचवली. बाबा, ही तुम्हाला लगेच कळेल. तिच्यात 'डो' म्हणजे आपला सा, आणि तो कुठल्याही पट्टीत धरता येतो. त्याच काळात लंडनच्या नोव्हेलो कंपनीनं मोठमोठ्या रचनांच्या स्वस्त प्रती काढल्या. म्हणून इथल्या विणकरांच्या घरी हँडल या संगीतकाराची पुस्तकं असायची. आमच्या बासमधले, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजांच्या रांगेतले, एक आजोबा अजून पणजोबांच्या प्रतीतून गातात. पानं सुटी झालीत, कडेला तीन पिढ्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

आमचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. पुस्तकं बहुतेक वेळा ग्रंथालयातून संचानं भाड्यानं येतात, परत करताना त्यातल्या खुणा खोडाव्या लागतात. म्हणून कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी सगळे खोडरबर घेऊन बसतात. मला ती संध्याकाळ फार आवडते. कुठं आपण चुकत होतो, कुठं कुणी "श्वास नको!!" असं दोन उद्गारचिन्हांनी लिहून ठेवलंय, सगळं एकदा डोळ्यांखालून जातं आणि मग पान कोरं होतं.

डिसेंबरात हँडलचा 'मसाया' असतो, येशूवरची मोठी समूहगानाची रचना. यॉर्कशरमध्ये त्याच्यावाचून नाताळ होत नाही. हँडलनं तो १७४१ साली २४ दिवसांत लिहिला. पहिला प्रयोग मात्र लंडनला झालाच नाही, तो झाला डब्लिनला, १३ एप्रिल १७४२ रोजी भर दुपारी. गर्दी इतकी होणार होती, की बायकांनी घेरदार झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, असं आधीच कळवलं होतं. आलेला पैसा दोन दवाखान्यांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांच्या सुटकेसाठी गेला. १४२ कर्जदार सुटले म्हणतात. गाण्याच्या एका दुपारीनं एवढी माणसं घरी गेली, हे मला दर वर्षी आठवतं आणि दर वर्षी अंगावर काटा येतो.

आता बाबा, तुमच्यासाठी लिहितेय ते नीट ऐका.

मसायातल्या 'हालेलुया' या समूहगीतात एक जागा आहे. वरच्या आवाजाच्या बायका, म्हणजे सोप्रानो, एकेक स्वर लांबच लांब धरून ठेवतात आणि पायरी पायरीनं वर चढतात. खाली बाकीचे तिन्ही आवाज घोष करत असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या बायकांना श्वास लागतच नाही. खरं म्हणजे तो स्वर कुणीही एकटी पुरा करत नसते. आमच्या संचालक बाईंचा नियम असा: शेजारची श्वास घेईल तेव्हा तू घ्यायचा नाहीस. शब्द संपल्यावर घ्यायचा नाही, कारण तिथं सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. स्वराच्या मधेच, अकार चालू असताना, गुपचूप थांबायचं, पोट भरून श्वास घ्यायचा आणि हळू आवाजात परत आत शिरायचं. एक जण थांबली तरी बाकीच्या चौदा जणी गात असतात, त्यामुळे स्वर कुठंही तुटत नाही. याचा आम्ही सराव करतो, चांगली वीस-वीस मिनिटं. कोण कुठं थांबणार हे पेन्सिलीनं लिहून ठेवतो.

आमच्या सोप्रानोत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्या चार-चार अक्षरांवर श्वास घेतात आणि कुणालाही ते ऐकू येत नाही. त्यांची उच्चारांची समज, कुठं जोर द्यायचा याचं ज्ञान, साठ वर्षांचं. त्या नसतात त्या मंगळवारी आमची रांग सैरभैर होते. तरुण मुली दमदार गातात, पण शब्द कुठं बसतो ते आजींच्या तोंडाकडे बघून शिकतात.

तुम्ही भजनात चाळीस वर्षं पुढे बसलात, चाल सांगितलीत. तुमच्या डोक्यात सांगणाराचं गाणं आहे. सांगणाराला सगळा अभंग स्वतःच्या दमावर ओढावा लागतो, हे खरं. पण धरणाऱ्यांच्या रांगेतही माणूस लागतंच ना? आणि तिथं तुमचा दम जिथं संपेल तिथं शेजारच्याचा सुरू असेल. आपल्या मंडळातही हे घडतच आलंय, फक्त त्याला कुणी नाव दिलं नाही आणि तुम्ही पुढे बसत असल्यानं ते तुमच्या पाठीमागे घडत होतं.

नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट पाहिली, ती तुम्हा दोघांना दाखवायची फार इच्छा आहे. शेफील्डच्या बाजूच्या खेड्यांत युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनाच्या रविवारापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पबमध्ये कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात. डंगवर्थ गावचं रॉयल हॉटेल त्यासाठी नावाजलेलं. क्वायरमधल्या मैत्रिणीबरोबर मी तिथं रविवारी दुपारी गेले. पाय ठेवायला जागा नाही, कोपऱ्यात एक ऑर्गन, आणि ऐकणारा असा कुणीच नाही! जो आत आला तो गाणार. ही गाणी पूर्वी चर्चमध्येच होती. व्हिक्टोरियन काळात चर्चनं गाणं 'सुधारायला' घेतलं, तेव्हा ती बाहेर पडली आणि लोकांनी ती पबमध्ये जपली. मेंढपाळांचं एक जुनं गीत आहे, 'व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड'. अठराव्या शतकात इंग्लंडच्या चर्चला नाताळसाठी तेवढं एकच मान्य होतं, त्यामुळे गावोगावच्या लोकांनी त्याला आपापल्या चाली लावल्या. त्या दुपारी तेच शब्द वेगवेगळ्या चालींत ऐकले. मला सारखं आपल्या भजनातलं आठवत होतं, एकच अभंग तुमच्या मंडळात एका चालीत आणि सांगलीच्या मंडळींच्या तोंडी दुसऱ्याच. त्या गर्दीत पिकल्या केसांचे पुरुष डोळे मिटून खालचा सूर धरून उभे होते. बाबा, त्यांच्यातले काही जण खुर्चीवर बसून गात होते, आणि काठी बाजूला टेकवून ठेवलेली.

मसायाच्या दिवशी काळे कपडे लागतात. आई, मी तुझी चंद्रकळा नेसले होते. संचालक बाई काठाला हात लावून म्हणाल्या, हेच दर वर्षी नेस. वाद्यवृंद आणि एकल गायक त्याच दिवशी दुपारी येतात, तोवर आमची सगळी तयारी पियानोवर. म्हणून पहिल्यांदा व्हायोलिनं वाजली की मागच्या रांगांतून सुस्कारे ऐकू येतात, दर वर्षी.

मार्चमध्ये फोरेचं 'रेक्विएम' केलं. हा फ्रेंच संगीतकार पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये संगीत सांभाळायचा, तिथंच १८८८ साली ते पहिल्यांदा गायलं गेलं. मृतांसाठीच्या प्रार्थनेत कयामतीच्या दिवसाचं एक लांबलचक, धडकी भरवणारं कवन असतं, ते फोरेनं शेवटच्या ओळी सोडल्या तर घेतलंच नाही. लॅटिन मी देवनागरीत लिहून पाठ केलं. स्वर इतके स्वच्छ उतरतात, की शेजारणीही माझ्याकडून उच्चार विचारून घ्यायच्या. आमच्या बासमधले एक जण थंडीत वारले होते. कार्यक्रमात त्यांची खुर्ची आम्ही काढली नाही. त्यांच्या मागच्या माणसानं पुढं येऊन त्यांचं पुस्तक उघडून ठेवलं.

कोविडमध्ये क्वायर बंद होतं ते तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेत माउंट व्हर्नन नावाच्या गावी १० मार्च २०२० च्या तालमीला ६१ जण आले, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे गेले. त्यानंतर जगभर एकत्र गाण्याचीच धास्ती बसली. त्याच वर्षी आपल्याकडे पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि तुमचं मंडळही थांबलं. मला वाटतं, खरा खंड तिथं पडला. बाबा, तुमचा दम त्या दोन वर्षांत न गाण्यानं गेलाय, नुसत्या वयानं नाही. आमच्याकडेही परतल्यावर सगळ्यांचे श्वास आखूड झाले होते. पहिले काही महिने आम्ही नुसती श्वासाची कसरत करत होतो: चार मोजत आत, मग 'स्‌ऽऽ' करत जमेल तितका वेळ बाहेर. तुम्ही सकाळी ओट्यावर बसता तेव्हा हे करून बघा. चक्कर आली तर थांबा, आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

आई, तुझ्याबद्दलही आहे. लग्नाआधी मंगळागौरीत कुणीतरी तुला म्हटलं होतं ना, "आवाज पुरुषी आहे, तू नुसती फुगडी घाल." तेव्हापासून तू ओठांतल्या ओठांत गातेस. आमच्याकडे तुझ्यासारख्या आवाजांची अख्खी रांग आहे. आल्टो म्हणतात. बायकांचे खालचे आवाज. ते नसले तर वरचे सगळे हवेत लटकतात, त्यामुळे नवी आल्टो आली की टाळ्या पडतात. मी त्यातच बसते, हा आवाज मला तुझाच मिळालाय. तुला कुणी चुकीचं सांगितलं होतं आणि ते तू साठ वर्षं मनाशी धरून ठेवलंस, याचं मला वाईट वाटतं. गल्लीतल्या बायकांच्या भजनात खालच्या पट्टीत, पूर्ण तोंड उघडून गा. कुणी वळून बघितलं तर बघू दे.

उन्हाळ्याचा कार्यक्रम परवा झाला. लोकगीतं, खिडक्या उघड्या, मध्यंतरात स्ट्रॉबेरी. ऑगस्टभर सुट्टी. सप्टेंबरात पुन्हा पुस्तकं येतील.

तर बाबा, गुरुवारी जा. पुढे बसू नका. चाल सांगायचं काम त्या पलीकडच्या आळीतल्या मुलाला द्या, त्याला येते पण तुम्ही समोर बसता म्हणून तो तोंड उघडत नाही. तुम्ही दुसऱ्या रांगेत, दोन दमदार माणसांच्या मधे बसा. रूपाच्या अभंगापासून सगळं गाऊ नका, धृपद तेवढं धरा. सूर लांबला आणि दम संपत आला तर मधेच सोडा, श्वास घ्या, परत या. आणि शेजारच्या दोघांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तेही तिथंच थांबणार नाहीत. मंडळात तुमच्यासारखे दम गेला म्हणून घरी बसलेले आणखी कोण कोण आहेत ते आठवा, त्यांनाही हाक मारा. कार्तिकातल्या काकड्याला अजून तीन-साडेतीन महिने आहेत, तेवढ्यात श्वास निम्मा तरी परत येईल.

टाळांची दोरी कुजली असेल, आई नवी घालून देईल. तुमचं भजन दहाला सुटतं तेव्हा इथं संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, मी घरी असते. फोन करा आणि कुठल्या अभंगाला कुठं श्वास घेतलात ते सांगा.

तुमची लेक