मिठीची भिंत आणि भरतीचं पाणी

मुंबईतल्या मिठी नदीच्या काठाला संरक्षक भिंत बांधायची बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि वाईट वाटलं, कारण भिंतीने नदी अडते, पाणी नाही. विहार आणि पवई तलावांच्या ओव्हरफ्लोमधून निघून जेमतेम १८ किलोमीटर वाहणारी ही नदी शेवटी माहीमच्या खाडीतच जाते. भरती असली की खाडीचं पाणी उलट आत येतं आणि वरून आलेल्या पावसाला जायला जागाच उरत नाही. कुर्ल्याच्या पुलावर उभं राहून बघा, भरतीच्या वेळी थर्माकोल आणि बाटल्या समुद्राकडे नाही तर वरच्या बाजूला सरकत असतात.

पूर्वी हे जास्तीचं पाणी पसरायला आजूबाजूला दलदल आणि तिवरं होती. तिथे भराव टाकून बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, वर एअरपोर्टचा रनवे नदीवरूनच गेला आणि नदीला तिथे चक्क काटकोनात वळवलंय! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा याची किंमत क्रांतीनगरसारख्या वस्त्यांनी मोजली, आणि आजही जोराचा पाऊस लागला की तिथली माणसं पोरंबाळं घेऊन शाळेत हलवावी लागतात.

भिंतीसाठी जो पैसा काढलाय त्यातला काही भाग उरलेली तिवरं वाचवायला आणि काठाची जागा मोकळी करायला द्या, पण तिथल्या लोकांना आधी जवळपास पक्की घरं देऊन मगच.

– एक वाचक, कुर्ला