विणकाम खात्याचे बंद दार

संपादक महोदय,

कामगार वाढले की मजुरी घटते, हे सरसकट विधान अपुरे आहे. त्यांना कोणत्या कामांपुरते अडवून ठेवले जाते, हे आधी पाहावे लागते. मुंबईच्या कापड गिरण्यांत नव्या कांडीचा (धागा गुंडाळलेल्या नळीचा) धागा धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या, छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलितांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. साहजिकच कमी पगाराच्या खात्यांत त्यांची गर्दी होई आणि तेथील मजुरी वाढवण्याचे कारणच मालकांना उरत नसे. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे मांडला. आज शहरांतील कंत्राटी सफाईकामात तीच कोंडी दिसते. मजुरीच्या सरकारी पाहणीत कोणत्या कामावर कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, हेही नोंदवावे.

– एक वाचक, परळ, मुंबई