धूर सोडण्याआधी डास ओळखा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी धुराची गाडी येते, खिडक्या धडाधड लागतात आणि धूर विरला की पुन्हा उघडतात. परवा गाडी गेल्यानंतर मी अगाशीवरच्या टाकीत डोकावून पाहिले. टाकीच्या झाकणाचा कोपरा दोन वर्षांपासून तुटलेला आहे आणि तो बदलायची टाळाटाळ मीच केली आहे. नितळ पाण्यावर दहाबारा अळ्या अगदी आडव्या तरंगत होत्या. गटारातल्या क्युलेक्सची अळी शेपटीकडची श्वासनळी वर धरून तिरकी लोंबते. पाण्याला समांतर पडून राहते ती ॲनोफिलीसची, हे प्राणिशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे वेगळे सांगावे लागले नाही. रस्त्यावरचा धूर या अळ्यांपर्यंत पोहोचणार तरी कसा?

शहरी हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्या अंड्याला दोन्ही बाजूंनी हवेचे तरंगक असतात आणि त्यांवरच्या कड्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या की त्याचे तीन प्रकार वेगळे काढता येतात. त्यांतला जास्त कड्यांचा प्रकार शहरात हिवताप पसरवतो, तर सर्वांत कमी कड्यांचा मायसोरेन्सिस फारसा उपद्रवी मानला जात नाही. खेड्यांतल्या ॲनोफिलीस क्युलिसिफेसीजची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. दिसायला एकच असलेल्या या डासाच्या प्रत्यक्षात पाच सहोदर जाती आहेत, त्यांना ए ते ई अशी नावे आहेत, आणि त्या प्रामुख्याने अर्धवट अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयातील गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांची उलटापालट पाहून ओळखल्या गेल्या. बी ही जाती बहुतांशी गुरांचे रक्त पिते आणि भारतात बहुतेक ठिकाणी हिवतापाची वाहक म्हणून दुबळी आहे. डासांच्या अभ्यासक डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतात असे दाखवून दिले की, ए आणि बी एकत्र असतात तिथे डीडीटी या कीटकनाशकाला ए अधिक बळी पडते. म्हणजे हिवताप पसरवणारी ए मरते आणि गुरांवर जगणारी बी मागे उरते, त्यामुळे गोठ्यात डास भरपूर दिसत असतानाही फवारणी आपले काम करत असू शकते. नुसती डासांची संख्या मोजणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

याउलट औषध निकामी झाल्याचेही उशिरा कळते. १९५३ साली हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यावर देशातली वर्षाची रुग्णसंख्या १९६५ पर्यंत लाखाच्या आसपास उतरली होती. १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. कारणे अनेक होती, पण कीटकनाशकाला न जुमानणारा डास हे त्यांतले एक. वास्तविक चाचणी साधी आहे: औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास तासभर ठेवायचे, चोवीस तासांनी मेलेले मोजायचे आणि नव्वद टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकारशक्ती आली असे समजायचे. जनुके बदललेल्या डासांविषयी वर्तमानपत्रांत हल्ली पुष्कळ छापून येते, परंतु आपल्याकडे अजून ही नळीच दुर्मीळ आहे.

सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे, शिकणारी मुलेही आहेत. प्रत्येक प्रभागातून महिन्याला एकदा अळ्या आणि डास गोळा करून त्यांच्याकडून ओळख व ही चाचणी करून घ्यावी आणि त्या प्रभागात कोणते औषध फवारायचे, किंवा फवारायचेच का, हे त्या निकालावरून ठरवावे, एवढीच विनंती. निकाल आपल्या दैनिकात छापून आले तर माझ्यासारखे लोक टाकीची झाकणेही वेळेवर बदलतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बडोदे