सरपण तोडायला गेलो अन् झाडातून खिळे निघाले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर संपत आला, दुपारी अजूनही अंग भाजते पण पहाटे पंखा एक नंबरवर करावा लागून राहिला, म्हणजे आता पंधरा-वीस दिवसांत आपल्या नागपुरात गल्लोगल्ली शेकोट्या पेटतील, माळ्यावरचे बंब खाली उतरतील अन् रोडग्यांच्या पार्टीची वर्गणी मागायला पोट्टे दारात उभे राहतील. (रोडग्यांना गोवऱ्या लागतात हे मलाही माहीत आहे, पण वांग्याच्या भाजीचं गंज तर लाकडावरच ठेवता ना.) हे लाकूड आता कुऱ्हाडीनं कोणी फोडत नाही. चेनसॉ आली, म्हणजे साखळीवर चालणारी मशीनची करवत. ऑनलाईन मागवली की मोबाईलपेक्षा स्वस्तात घरपोच येते, त्यामुळे दर ले-आऊटमागे एक तरी मशीन झालीच आहे, आमच्याकडेही आहे. पण माझी तक्रार मशीनबद्दल नाही, झाडाच्या पोटात जे सापडलं त्याबद्दल आहे, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमध्ये फिटर होतो, आता रिटायर. मानेवाडा भागात राहतो. आमच्या ले-आऊटच्या मैदानाच्या कोपऱ्यावर जुना कडुनिंब होता, तो जुलैच्या वादळात बुडापासून चिरला. रीतसर परवानगी काढून तो उतरवला, जाड खोडाचे चार-पाच फुटांचे गेंडे (ओंडके) तिथेच पडून होते. मीच सगळ्यांच्या मागे लागलो होतो की बापाहो हे आत्ताच कापा, डिसेंबरात कापाल तर धूरच खाल. ओल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असते, ते पाणी उकळण्यातच बरीच आग खर्ची पडते अन् शेकोटीभोवती बसलेले सगळे डोळे पुसत बसतात. ऑक्टोबर हीटमध्ये फूटभराचे तुकडे करून, उभे फोडून, जमिनीपासून विटांवर उचलून रचले की दोन-अडीच महिन्यांत निंब बऱ्यापैकी वाळतो. टोकाला भेगा पडल्या अन् दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखण वाजले तर समजायचं झालं, भदभद वाजले तर अजून ओलं आहे.

तर मागच्या रविवारी सकाळी कापायला सुरुवात केली. मशीन माझ्या भाच्याच्या हातात, पायात स्लिपर. मी म्हटलं बूट घालून ये, तर म्हणे काकाजी लोकांपुढे बोलू नका ना (मी त्याचा मामा, पण सगळे काकाजी म्हणतात म्हणून तोही काकाजी म्हणतो). शेवटी बूट घातले, चष्मा मात्र गॉगलच. वरच्या फांद्यांचे तुकडे लोण्यासारखे निघाले. मग बुडाचा गेंडा घेतला अन् चार बोटं आत गेल्यावर एकदम किर्रर्र आवाज, ठिणगी, मशीनला असा झटका बसला की त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत हलले, अन् काहीतरी टण्णकन उडून पलीकडच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन लागलं. मशीन बंद. बघतो तर साखळीच्या तीन दातांच्या धारा गेलेल्या, एकाचं टोकच गायब. ही साखळी फुल रेसवर सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी ७० किमी, त्या वेगानं निघालेला लोखंडाचा कपचा गॉगल काय थांबवणार? पत्र्याला लागला म्हणून बरं.

आत खिळा होता. चार इंची, सालीच्या खूप आत, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मग माझ्यातला फिटर जागा झाला. घरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पडलेलं होतं, त्याला दोरी बांधली अन् प्रत्येक गेंड्यावरून हळूहळू फिरवलं. जिथे चिकटलं तिथे खडूची खूण, मग छन्नीनं उकरायचं. त्या एका झाडातून अकरा खिळे निघाले, दोन यू-क्लिपा, अन् गणपतीच्या लायटिंगची असेल अशी हातभर तार, तिच्यावर तर झाडानं साल चढवून तिला पार गिळून टाकलेलं. दोनेक इंचापेक्षा खोल असेल तर चुंबकाला कळत नाही, ते वेगळंच. अशा वेळी कापलेल्या तोंडाकडे बघायचं, लोखंड अन् लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य एकत्र आलं की खिळ्याभोवती निळसर-काळा डाग पडतो. बाभळीत तर शाई सांडल्यासारखा दिसतो. तो डाग दिसला की तिथून हात मागे घ्यायचा अन् वीतभर सोडून कापायचं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, माझ्या भाच्यालाही नव्हती. त्याला वाटलं जुना खिळा असेल तर तो झाडाबरोबर वर गेला असेल. तसं होत नाही. झाड उंच होते ते शेंड्याकडून, खोड नुसतं जाड होत जाते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी पाच फुटांवर ठोकलेला खिळा आजही पाच फुटांवरच असतो, फक्त आत गेलेला असतो. म्हणजे माणसाचा हात जिथवर पोचतो, स्टूल घेतलं तर अजून दोन फूट, तेवढा बुडखा हा सगळा खिळ्यांचा. अन् सरपणाला सगळ्यात चांगलं, जाड, गाभ्याचं लाकूडही तिथेच.

आता हे खिळे ठोकते कोण? धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, मानेवाडा रिंग रोड कुठेही पायी चक्कर मारा, अन् झाडांकडे नजर टाका. कोचिंग क्लास, पीजी रूम, बोअरवेल, मूळव्याधीवर हमखास इलाज, फ्लॅट विकणे आहे, निवडणुकीत तर विचारूच नका. बोर्ड दोन महिन्यांत फाटून जातो, खिळा राहतो, पुढचा येतो तो त्याच्या शेजारी नवा ठोकतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडणे म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे, त्यात नुसतं बुडातून पाडणंच नाही, जाळणं अन् कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलं आहे. मी वकील नाही, पण चार इंची खिळा ही इजा नाही तर काय आहे हो? आपण फांदी छाटायची तरी अर्ज करतो, अन् हे लोक भर रस्त्यात हातोडी घेऊन उभे राहतात, कोणी काहून विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की उद्यान विभागाचे लोक झाडं मोजायला, छाटायला येतातच, तेव्हा त्यांच्या हातात एक पकड अन् एक चुंबक असू द्या. ज्या बोर्डवर फोन नंबर आहे त्याला शोधायला काही सीआयडी लागत नाही. अन् वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड कोणालाही देण्याआधी बुडखा तपासून खडूनं खुणा करून द्या. ज्यांना चेनसॉ चालवायची आहे त्यांनीही थोडं शिकून घ्या ना भाऊ. दात बोथट झाले की मशीन चौकोनी ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा फेकते, पोट्टे मग जोर लावतात, अन् जोर लावला की साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक शेजारच्या फांदीला लागून मशीन तोंडावर उसळते. माझ्या साखळीला ४.८ एमएमची गोल कानस लागते, ३० अंशात, प्रत्येक दाताला दोन-तीन हात. दहा मिनिटांचं काम आहे. बाकी ज्याच्या त्याच्या मशीनच्या पुस्तकात असते, ते पुस्तक खोक्यासोबत रद्दीत जाते ही गोष्ट वेगळी.

थंडी काही थांबणार नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, त्या रात्री चौकातले चौकीदार टायर जाळून बसले होते अन् सकाळी सगळ्या ले-आऊटला काळा वास. तेव्हापासून आम्ही ठरवलं की लाकूड आधीच कापून, वाळवून ठेवायचं अन् चौकीदाराला रोज दोन मोळ्या द्यायच्या. मागच्या वर्षीपासून देतोही. फक्त जानेवारीत शेकोटीची राख रस्त्यावर सांडली होती अन् सौ.ची अ‍ॅक्टिवा तिच्यावरून गेली, टायरमधून जे निघालं ते काळं पडलेलं, वाकडं झालेलं, पण खिळाच. पंक्चरवाला म्हणे काकाजी या महिन्यात असे चौथे. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

आता दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण पकड, चुंबक घेऊन आमच्याच रस्त्यावरच्या उभ्या झाडांचे खिळे काढून राहिलो. ज्याचं डोकं बाहेर आहे तेवढेच काढतो, सालीनं झाकलेला उकरत नाही, त्यानं झाडाला जखम जास्त होते. डालड्याच्या जुन्या डब्यात टाकतो. कालपर्यंत सव्वा किलो झाले होते, अन् अजून रस्त्याची एकच बाजू झाली आहे.

आपला,
एक रिटायर फिटर,
मानेवाडा, नागपूर