अग्निशमन दलातील एका निवृत्त अधिकाऱ्यांस आभारपत्र

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पहाटे आमच्या चौदा मजली इमारतीच्या विजेच्या डक्टमध्ये, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, केबल पेटली आणि धूर सहाव्या मजल्यापर्यंत चढला. तरीही सर्व रहिवासी जिन्याने सुखरूप खाली उतरले. ते आपल्यामुळे घडले, हे सोसायटीचा व्यवस्थापक या नात्याने मला जाहीरपणे लिहायचे आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यावयाचे फॉर्म बी, म्हणजे आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याची प्रमाणपत्रे, आमच्या फाइलला नियमित लागलेले होते आणि तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. आपण मात्र ती फाइल मिटवून मला थेट गच्चीवर नेलेत आणि तिथून एकेक मजला उतरत सारे हाताळून दाखवलेत. नवव्या मजल्यावरील होज बॉक्समध्ये, म्हणजे आग विझवण्याच्या नळीच्या पेटीत, नळीच्या तोंडाला लावायचे पितळी नोझल नव्हते. रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळ्या ठेवायच्या जागेत, जुनी कपाटे रचलेली होती. पंपाच्या पॅनेलवरील स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर होता, म्हणजे ऐन आगीत व्हॉल्व्ह उघडून पाइपमधील दाब उतरला असता, तरी पंप आपोआप सुरू झाला नसता. हे पाहून मला रात्रभर झोप लागली नाही. आपण कोणालाही बोल लावला नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात.

जिना उतरू न शकणाऱ्या रहिवाशांची मजलावार यादी रखवालदाराच्या केबिनमध्ये लावण्याचा आपला आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या पहाटे रखवालदारांनी १०१ वर फोन केला, मेन स्विच बंद केला आणि यादी घेऊन ते आधी पाचव्या मजल्यावरील आजींकडे धावले. त्यांना खुर्चीत बसवून कसे उतरवायचे, याचा सराव आपण १४ एप्रिलला करून घेतला होतात. मुंबई गोदीतील १९४४ च्या स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या अग्निशमन जवानांविषयी त्या दिवशी आपण बोललात, तेव्हा एरवी अशा सरावाला नाके मुरडणारी मंडळीही शेवटपर्यंत थांबली होती.

डक्टमधील प्रत्येक मजल्यावरच्या फटी बुजवण्याचे आपण सुचवलेले काम खर्चापायी मी पुढे ढकलले होते. धूर त्याच वाटेने वर चढला, याची मला खंत आहे. ते काम या आठवड्यात पूर्ण झाले. जुलैच्या तपासणीत गच्चीवरील होज प्रत्यक्ष पाणी सोडून पाहणार आहोत. त्या वेळी आपण उपस्थित राहावे, ही सर्व रहिवाशांच्या वतीने विनंती.

आपला कृतज्ञ,
व्यवस्थापक