घर वाळवीनं नाही पडत, सामाईकीनं पडतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत घराला व्हिंटेज लुक कसा द्यायचा यावर पानभर लेख आला होता, फोटोंसकट. एका फोटोत कोरीव दरवाजा आडवा टाकून त्यावर काच ठेवून टेबल केलेलं आणि कोपऱ्यात पितळी बंब, बंबात मनीप्लांट. माझी वहिनी चष्मा पुसून परत बघत म्हणाली, अगं तो बंबाचा नळ भिंतीकडे का केलाय, पाणी काढायचं कसं? आम्ही हसलो खूप, पण दिवसभर तो आडवा दरवाजा काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण तसाच एक दरवाजा आमच्या घरी उभा आहे, वर गणेशपट्टी असलेला, आणि तो उभा राहावा म्हणून आम्ही भावंडांनी दोन वर्षं काय काय केलंय ते आमचं आम्हाला माहीत. म्हणून हे पत्र. लांबलंय, तुम्ही कापाल, पण कौलांबद्दलचं शेवटचं तेवढं कापू नका.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. माझं माहेर. जांभ्याच्या भिंती, फणसाचे खांब, पडवी, ओटी, माजघर, बाळंतिणीची खोली, मागे न्हाणी, वर माळा. आजोबांच्याही आधीचं. वडील गेल्यावर तिथे कोणी कायमचं राहायला नव्हतं, गणपतीला आणि मे महिन्यात दार उघडायचं, एरवी शेजारच्या काकू संध्याकाळी ओटीवर दिवा लावून यायच्या.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर या घराला 17 नावं आहेत. त्यातली 6 माणसं देवाघरी, दोन परदेशात, एका काकांशी अण्णाकाकांचं 1990 पासून बोलणं नाही. आता सांगा, गळती लागली की पैसे कोणी घालायचे? जो घालील त्याला वाटतं मीच का, आणि जो नाही घालत त्याला वाटतं हा पैसे घालून उद्या घरावर हक्क सांगेल. कोकणात फिरताना झाडीत बुडालेली, एका बाजूनं खचलेली घरं दिसतात ना, लोक म्हणतात वाळवीनं खाल्लं. वाळवीला औषध मिळतं हो दुकानात. सामाईकीला नाही मिळत.

त्यात मी एक वाईटपणा घेऊन ठेवला होता. माझ्याकडे हक्कसोडीचे कागद आले तेव्हा मी सही केली नाही. 2005 च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला, हे सगळ्यांना पाठ असतं पण माहेरी कोणी काढायचं नसतं, बहिणीनं सही द्यायची आणि भाऊबीजेला साडी घ्यायची. मला पैसा नको होता, मला भीती वाटत होती की सही दिली की घर विकलं जाईल. दादा दोन वर्षं माझ्याशी हवापाण्यावर बोलला फक्त.

मग 3 जून 2020, निसर्ग वादळ. लॉकडाऊन चालू, जिल्हा ओलांडायला ई-पास, तिकडे लाईट गेलेली, फोन बंद. आठ दिवसांनी काकूंच्या मुलाने कुठेतरी डोंगरावर जाऊन रेंज पकडून फोटो पाठवले. छपराचं पुढचं पाखं पूर्ण उघडं, वासे दिसतायत, माडाचा एक शेंडा सरळ माजघरात. नारळी-सुपारीच्या बागा तर त्या पट्ट्यात सगळ्यांच्याच झोपल्या. आणि वरून पाऊस सुरू. त्या रात्री दादाचा फोन आला. म्हणाला, तू सही नाही दिलीस ते बरंच झालं, हिस्सेदार आहेस ना, आता तूही पैसे भर.

झालं, तिथून सुरुवात. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, नाव नुसतं "घर". पहिला नियम दादाच्या बायकोने घातला, की इथे हिश्शाचा विषय काढायचा नाही, फक्त छपराचा काढायचा. ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं टाकायचं, कोणी किती टाकले ते वहिनी सोडून कोणाला कळणार नाही, आणि पैसे टाकल्याने कोणाचा हक्क वाढणार नाही आणि न टाकल्याने कमी होणार नाही, असं साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या. कायद्यात याला किती किंमत ते वकिलाला विचारा, आमच्यात चाललं. न बोलणाऱ्या काकांनीही सही केली, अण्णाकाकांच्या सहीच्या बरोब्बर खाली. त्या वर्षीचा गणपती, 22 ऑगस्टचा, निळ्या ताडपत्रीखाली माजघरात बसला, दादा आणि काकूंचा मुलगा दोघंच आरतीला, बाकीचे आम्ही मोबाईलवर.

दुरुस्तीचं म्हणाल तर पहिला धडा भिंतीनं दिला. तीसेक वर्षांपूर्वी घरातल्याच कोणीतरी, नाव नको, ओटीच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, टिकाऊ म्हणून. ते फुगलेलं, हात लावला की पोपडे. आम्हाला वाटलं भिंत गेली. पलीकडच्या गावचे एक म्हातारे गवंडी आले, त्यांनी भिंतीला कान लावल्यासारखं करून टकटक केलं आणि म्हणाले भिंतीला काय झालेलं नाय, तिचा श्वास कोंडलाय. जांभा दगड असतो सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. चुन्याचं प्लास्टर ते बाहेर जाऊ देतं, सिमेंट अडवतं, मग आतलं पाणी आणि क्षार मिळून प्लास्टरच ढकलून देतात. एवढं साधं होतं. सगळं सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढलं, चार दिवस नुसती धूळ.

मग चुना. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणून पिंपात पाणी घातलं तर ते रटरट उकळायला लागलं, विस्तवाशिवाय, माझा भाचा (बारावी सायन्स, बरं का) तोंड उघडं टाकून बघत होता. गवंडीबाबा म्हणाले चुना जितका भिजेल तितका लोण्यासारखा होतो, म्हणून दीड महिना तो पिंपात पाण्याखाली ठेवला. मग वाळूत मळताना गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. आणि आमची घाई नडली. गवंडीबाबा दोन दिवस गावी गेले तर आम्हीच एप्रिलच्या भर उन्हात मागच्या पडवीची एक भिंत हौसेनं लिंपली, जाड थर दिला, संध्याकाळपर्यंत त्यावर महाराष्ट्राचा सगळा नकाशा, नद्यांसकट. चुना सुकवायचा नसतो, हवेतून हळूहळू धरू द्यायचा असतो, ओलं गोणपाट लावून ठेवायचं असतं. बाबांनी येऊन बघितलं, काही बोलले नाहीत, नुसता तंबाखू मळत बसले. ती भिंत परत केली.

खांबांना सुतारदादांनी वाचवलं. दोन खांब बुडाशी कुजलेले, आम्ही नवे आणायच्या गप्पा करत होतो. त्यांनी तासून दाखवलं, वरची पांढर खाल्लीय फक्त, आतला गाभा हळदीसारखा पिवळा, घट्ट. धिरा देऊन तुळई उचलून धरली, बुडाचा दीड हात कापला, तेवढाच नवा तुकडा जुन्याला सांधला आणि खांब परत आपल्या तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, बसवला. सांधा दिसतो, रंग वेगळा आहे. पॉलिश मारून लपवू का म्हणून विचारलं त्यांनी, आई असती तर लपव म्हणाली असती, आम्ही राहू दिला.

आता कौलं. वादळानंतर सगळ्यांनाच कौलं हवी होती, मिळेनात, मिळाली तर भाव अवाच्या सवा, त्यामुळे आजूबाजूला धडाधड पत्रे चढले. त्यांना नावं ठेवत नाही मी, पावसाच्या आत डोक्यावर काहीतरी हवं होतं माणसांना. पण पत्र्याखाली मे महिन्यात बसून बघा आणि पावसात बोलून बघा. आमची पडलेली कौलं गोळा करताना भाच्याने एकावरचा छाप धुतला तर बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. तो नाचायलाच लागला, मामा दीडशे वर्षांचं कौल! मग आम्हीच शोधलं तर 1865 हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल भाजल्याचं नाही, छाप तोच चालायचा. भाच्याचा चेहरा पडला. पण पुढे वाचलं तर पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी या मूळच्या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि नंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले, म्हणजे बासेलच्या छापाची कौलं बहुधा त्याआधीची, शंभर वर्षं तर कुठे गेली नाहीत. आजोबा सांगायचे की कौलं गलबतातून आली, आम्हाला ती गोष्टच वाटायची. एकेक कौल दोन-अडीच किलोचं, कसली उतरवली असतील खाडीत, आणि किती फुटली असतील. शाकारणीला, म्हणजे छपरावर कौलं चढवताना, आम्ही साखळी करून उभे राहिलो, अण्णाकाका खाली आणि ते न बोलणारे काका शिडीवर, हातातून हातात कौल. "धर" आणि "सोडू का" एवढंच बोलले दोघं, पण तीस वर्षांनी बोलले.

माळ्यावरच्या वस्तूंबद्दल लिहायला बसले तर पुरवणी भरेल. फिरकीचा तांब्या, अडकित्ते, रोवळ्या, मर्फीचा रेडिओ आणि त्याचं पोस्टातून दरवर्षी रिन्यू करायचं लायसन्सचं पुस्तक (भाच्याला अजून खरं वाटत नाही की रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं). मला सगळ्यात आवडलेली वस्तू कुठल्याही व्हिंटेज दुकानात चालणार नाही, 1979 चं कालनिर्णय. मागच्या बाजूला आईच्या अक्षरात दुधाचा हिशोब आणि एका चौकोनात "कपिला व्याली, पाडी". रेडिओ लागत नाही, तांब्या चिंच लावून घासला तो रोजच्या वापरात आहे, घंगाळ आणि पातेल्यांना कल्हई करून घेतली, त्यासाठी कल्हईवाला शोधायला जेवढा वेळ लागला तेवढा सुतारालाही नाही लागला.

तर दरवाजाचं. काम चालू असताना एक गृहस्थ गाडी घेऊन आले, गोड बोलणारे, चहा प्यायले. दरवाजा, झोपाळा आणि त्याच्या पितळी कड्या मिळून रोख रक्कम सांगितली, आमचं चुन्याचं सगळं काम तेवढ्यात निघालं असतं. वर म्हणाले, ताई, नवीन सेफ्टी डोअर मी बसवून देतो. ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही, आणि खरं सांगते, त्या दहा मिनिटांत माझंही मन डळमळलं, कारण हात आखडलेला होता. मग धाकट्या काकूंनी लिहिलं, या दारातून मी माप ओलांडून आत आले, ते पुण्याच्या कुठल्या हॉटेलात कॉफी ठेवायला जाणार असेल तर मला विचारू नका. संपला विषय.

एक मात्र मान्य करते, नाहीतर कोणी लिहीलच. जुनं विकत घेणारे सगळे वाईट नसतात. पुण्याच्या केळकर म्युझियमात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून गोळा केलेले दिवे, अडकित्ते, दरवाजे आहेत, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं. त्यांनी घेतलं नसतं तर ते मोडीत गेलं असतं. मला राग आहे तो उभ्या घराचा दरवाजा काढणाऱ्यांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की बारा वर्षं आम्ही सगळे हिस्सेदार एकमेकांकडे बघत बसलो आणि वादळ आलं तेव्हा हललो.

2022 चा गणपती, 31 ऑगस्टचा, छपराखाली बसला. त्या दिवशी जोरदार पाऊस होता आणि एकाच ठिकाणी गळलं, नेमकं भटजींच्या डोक्यावर.

आता मूळ काम. आमची मागची पडवी अजून अर्धी ताडपत्रीवर आहे. दोनशे कौलं कमी पडतायत, नवी आणली तर जुन्यात खाचा जुळत नाहीत आणि तिथेच पाणी शिरतं. दापोली, मंडणगड, गुहागर, श्रीवर्धन भागात ज्यांनी पत्रे घातलेत त्यांच्या परसात जुन्या कौलांचे ढीग पडलेले असतात, पुढे ते पायाच्या भरावात जातात. तसा ढीग असेल आणि छाप बासेलचा असेल तर कृपा करून फोडू नका, या वर्तमानपत्राच्या ऑफिसात कळवा, माझा पत्ता तिथे देऊन ठेवलाय. टेम्पो आमचा, योग्य ते पैसेही देऊ, आणि उतरवायला आम्ही माणसं घेऊन येऊ, दोन काकांसकट.

कळावे, लोभ असावा.

आपली एक वाचक,
डोंबिवली